कुरडयांशेजारी पंख

कमळाबाईंनी जे केलं ते मायेने केलं, म्हणून त्यांना वेळेवर कुणी अडवलं नाही. या घरावर आलेली निम्मी संकटं अशी मायेच्या पायांनीच आलेली आहेत.

मे महिन्यातला शनिवार होता. भाईंदरला इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसे. एका कोपऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनचे खिचिया पापड, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी सांडगी मिरच्या, आणि मधोमध, सगळ्यांच्या आधी जाऊन अडवलेल्या जागेत, कमळाबाईंच्या कुरडया. शेवटची परात न्यायला त्या खाली आल्या तेव्हा हॉलमधल्या फळीवर त्यांना घरी बनत असलेल्या मॉडेल विमानाचा डावा पंख दिसला.

धम्मदीपने, त्यांच्या धाकट्या लेकाने, आदल्या दिवशी त्या पंखाच्या वरच्या बाजूला प्लॅस्टिकची लाल फिल्म इस्त्रीने चिकटवली होती. खालची बाजू अजून उघडी होती. आत बरगड्यांसारख्या पातळ लाकडी पट्ट्या एकीशेजारी एक उभ्या होत्या. कमळाबाईंनी हात लावून पाहिला. लाकूड गार लागलं. भाईंदरच्या खाडीची हवाच तशी. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे लाकडाचं काय! लेकाने पाठ मोडून चिकटवलेलं, ओलं राहिलं आणि उद्या आभाळात सुटून आलं तर? त्यांनी पंख दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि जिना चढू लागल्या. वाटेत हंसाबेन भेटल्या. "आ शूं छे, माजी?" त्यांनी विचारलं. "धम्माच्या विमानाचं आहे, सुकवायला नेते," कमळाबाई म्हणाल्या, आणि हंसाबेननी अदबीने बाजूला होऊन वाट दिली.

वर त्यांनी धुतलेली चादर अंथरली. वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवायचे, पण दगडाने लाकूड दबेल, म्हणून एकेक दगड जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात बांधून ठेवला. दुपारी जेवणं झाल्यावर कुरडया उलटायला गेल्या तेव्हा त्यांनी पंखही उलटला. दोन्ही बाजूंनी सारखा वाळायला हवा ना.

उन्हं कलल्यावर शुभदा दोरीवरचे कपडे काढायला वर गेली आणि जागीच उभी राहिली. पंख अर्धवट तळलेल्या पापडासारखा वळला होता. एक टोक चादरीला टेकलेलं, दुसरं वर तोंड करून बसलेलं. उद्या सकाळी हे विमान उडायचं होतं. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आणि मग, हे तिने पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही, तिला एकदम हायसं वाटलं.

इथे शुभदाची बाजू घ्यायला हवी, कारण ती स्वतः कधीच घेत नाही.

धम्मदीपच्या कांदिवलीच्या कंपनीला कुलूप लागलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. आधी मोर्चे झाले, मग युनियनच्या मीटिंगा, मग अर्ज, मग काहीच नाही. स्टोअर्समध्ये हजार वस्तूंची जागा तोंडपाठ असलेला हा माणूस बाल्कनीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. "चहा ठेवलाय" म्हटलं की "हं." "पाहुणे आलेत" म्हटलं की "हं." शुभदा एका दवाखान्यात केसपेपर लिहायची, घर कसंबसं चालत होतं. तिला पैशाची एवढी भीती वाटत नव्हती, जेवढी त्या भिंतीची वाटायची. मग गेल्या वर्षी चुना लावायला कपाट सरकवलं आणि वरचं लांबलचक खोकं धाडकन खाली आलं. आतून बाल्सा लाकडाचे पातळ तक्ते बाहेर पडले, कागदासारखे हलके, प्रत्येकावर विमानाच्या तुकड्यांची चित्रं छापलेली. काही मोडलं का ते बघायला धम्मदीप खाली बसला तो संध्याकाळ झाली तरी उठला नाही. त्या दिवशी त्याने स्वतःहून जेवायला मागितलं. शुभदाने त्या खोक्याचे मनातल्या मनात पाय धरले.

तेव्हापासून घर विमानाचं झालं. हॉलच्या भिंतीवर, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी सोडून उरलेल्या सगळ्या जागेत, नकाशा चिकटवला गेला. धड तयार झालं तेव्हा ते ठेवायला दिवाणाशिवाय जागा नव्हती. मग विमान दिवाणावर झोपायचं आणि माणसं खाली. शुभदाच्या पोळपाटावर बरगड्या कापल्या गेल्या, तिच्या इस्त्रीला फिल्मचा वास लागला, पिना पायाला टोचल्या. एका शब्दाने तिने तक्रार केली नाही. नवरा सकाळी उठत होता, दाढी करत होता, बोटांना चिकटलेला गोंद ओरबाडत गुणगुणत होता. याहून जास्त तिला काही नको होतं.

पण उद्या रविवार. उद्या विमान उडणार. आणि परवा? परवा सकाळी हा माणूस कशासाठी उठणार? गेले आठ दिवस हा प्रश्न तिला खात होता. म्हणून वाकडा पंख पाहून तिला वाटलं, चला, अजून काही दिवस मिळाले. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. तिने पंख उचलला, दगडांसकट चादर गोळा केली आणि खाली आली.

हॉलमध्ये सुभाष आणि पंचशीला चहा घेत बसले होते. पंचशीला या भावंडांतली मधली, अंबरनाथच्या शाळेत शिक्षिका. ती घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते.

"अगंबाई! हे काय झालं? कुणी केलं?"

"मी वाळत घातला," कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. कळलं तसा हातातला झारा खाली आला. "असा कसा झाला गं? सकाळी सरळ होता."

"आई, विमान कुणी उन्हात वाळत घालतं का?"

"गार लागलं गं हाताला. मला वाटलं ओलं आहे."

"वाटलं! आता धम्मा आला की त्याला काय सांगायचं? उद्या उडवायचं म्हणून तू दादालाही बोलावून घेतलंयस. सगळ्यांसमोर शोभा."

'दादा' म्हणजे सुभाष, थोरला. तो नुसता पंखाकडे बघत होता. त्याला या घरात आल्यावर बोलायला वाव कमीच असे. मीरा रोडला पूनम सागरमध्ये त्याचं घर होतं, विजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं, दर रविवारी तो आईला भेटायला यायचा आणि धाकट्या भावाशी गॅसच्या सिलिंडरविषयी बोलायचा. आईच्या गोळ्या, सोसायटीचं पाणी, सिलिंडर. आठ वर्षं दोघं भाऊ यापलीकडे बोलले नव्हते.

खोकं त्यानेच आणलेलं होतं. तेव्हा तो कुवेतला होता. तो सुट्टीवर येण्याआधी धम्मदीपने त्याला फोनवर सांगितलं होतं, दादा, मला तिकडे काढ, व्हिसाचं बघ. सुभाष आला, सगळं घर जमलं, आणि हे भलंमोठं खोकं त्याने धाकट्यापुढे ठेवलं. लहानपणी हाच धम्मा सांताक्रूझ विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून विमानं मोजायचा, हे त्याच्या डोक्यात. धम्मदीपने आत पाहिलं आणि विचारलं, "आणि माझं काम?" सुभाष म्हणाला, "बघू." लग्नाच्या वयाच्या माणसाला भावाने खेळणं दिलं, असा अर्थ धम्मदीपने घेतला आणि खोकं कपाटावर गेलं. पुढल्याच वर्षी तिथे युद्ध पेटलं. सुभाष जॉर्डनमार्गे एका पिशवीनिशी परत आला. तो विषय मात्र कपाटावरच राहिला. आणि शुभदा या घरात लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याची ती अढीही तिने आपसूक उचलली. थोरल्या दिरांना चहा द्यायचा, पण त्यांच्यासमोर बसायचं नाही.

"मी सांगतो मी ठेवला म्हणून," सुभाष म्हणाला.

तिघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"अरे, तो माझ्याशी तसंही बोलत नाही. माझ्यावर चिडला तर बिघडणार काय आहे? आईवर चिडला तर अख्खं घर खचेल."

"काही नको," कमळाबाई म्हणाल्या. "माझा मुलगा आहे, मी बघेन."

"तू बघशील म्हणजे रडशील. मी सांगते," पंचशीला म्हणाली. "मी मोठी बहीण आहे, मला तो काही बोलणार नाही."

"ताई, तुम्ही आत्ता तासाभरापूर्वी आलात," शुभदा म्हणाली. "त्यांना कळणार नाही का? मीच सांगते. कपडे वाळत घालताना नेला म्हणून."

"तू नको," सुभाष म्हणाला. "तुझ्यावर चिडला तर..." तो थांबला. "तुझ्यामुळे तर तो उभा आहे."

शुभदाने चमकून वर पाहिलं. थोरल्या दिरांनी तिला उद्देशून एवढं लांब वाक्य याआधी कधी बोललेलं तिला आठवेना. आणि एवढं खरंही कुणी बोललेलं आठवेना.

कुणी काय सांगायचं हे ठरायच्या आतच दाराची कडी वाजली.

धम्मदीप दादरहून आला होता. तिथे नौशीरभाई राहायचे. गेली तीस वर्षं छोटी विमानं उडवणारे म्हातारे पारशी गृहस्थ. उद्या उडवणार तेच होते. इतकं मोठं विमान नवशिक्याने हाती घ्यायचं नसतं. त्यांच्याकडे काही स्क्रू आणायला म्हणून तो सकाळी गेला होता. तो आत आला, चेहरा उजळलेला, काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं.

"मी ठेवला उन्हात," सुभाष म्हणाला.

"मी!" पंचशीला म्हणाली.

"अहो, मी कपडे घालायला गेले तेव्हा..." शुभदा म्हणाली.

एवढी माणसं आपल्यासाठी खोटं बोलताना पाहून कमळाबाईंना हुंदका आवरेना.

धम्मदीपने उघडलेलं तोंड मिटलं. त्याने पंख पाहिला. मग चादर पाहिली. मग खाली बसून त्याने चादरीतला एक दगड उचलला आणि त्याची गाठ सोडली. आतून फिकट हिरव्या लुगड्याचं फडकं निघालं. ते त्याने घडी घालून मांडीवर ठेवलं.

"दादा, हा दगड तू बांधलास?"

सुभाषने नजर चहाच्या कपाकडे वळवली.

"ताई, तू? अशी मऊ कापडात?" मग आईकडे वळून, "दुपारी उलटलाही असशील."

"हो रे," कमळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "एका बाजूने वाळला असता ना नुसता."

धम्मदीपने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या गेटवरून आला होता तेव्हाही तो असाच बसला होता. शुभदा पुढे झाली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा तिला कळलं की तो हसतोय. आवाज न करता, श्वास कोंडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय.

"कुरडयांशेजारी?" त्याने विचारलं.

"मधोमध," कमळाबाई म्हणाल्या. "चांगली जागा होती."

मग सगळेच हसले. कमळाबाई सगळ्यांत शेवटी, आणि रडत रडत.

"ऐका," धम्मदीप उठला. "लाकडाला काही झालेलं नाही. ही फिल्म उन्हाने आकसते. एकाच बाजूला होती, म्हणून तिने पंख ओढला. आता खालच्या बाजूला फिल्म लावायची, पंख उलट्या बाजूला पिळून धरायचा आणि गरम करायची. ती त्याला परत ओढेल. शुभदा, इस्त्री लाव, सिल्कवर ठेव. ताई, ती कात्री दे. दादा..."

त्याने पंख उचलून भावापुढे केला.

"दादा, हे जाड टोक तू धर. सोडायचं नाही. मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

शुभदा इस्त्रीची वायर सोडवत होती. दोन वर्षांत या माणसाने घरात कुणाला काही काम सांगितलं नव्हतं. हुकूम ऐकायला इतका गोड लागतो हे तिला ठाऊक नव्हतं.

खालच्या बाजूला फिल्म बेतून कडेकडेने चिकटवून झाली तेव्हा दिवे लागले होते. मग खरं काम सुरू झालं. सुभाष फळीच्या एका टोकाला पंखाचं बूड दोन्ही हातांनी दाबून उभा. दुसऱ्या टोकाला धम्मदीप, पंखाचा शेंडा पिळून धरलेला. मध्ये शुभदा इस्त्री घेऊन. तिने आयुष्यात ढीगभर शर्ट इस्त्री केले होते, पण इथे नुसतं टेकवायचं होतं, दाबायचं नव्हतं, आणि एका जागी रेंगाळलं की भोक. ती श्वास रोखून हात फिरवत होती. फिल्मच्या सुरकुत्या तिच्या हाताखाली एकेक करून नाहीशा होत होत्या.

"सरळ झाला का कसं कळणार?" पंचशीलाने विचारलं.

"मागून बघायचं. पुढची कड आणि मागची कड एका रेषेत दिसली पाहिजे. आई, तू बघ."

"मी?" कमळाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. आपला हात पुन्हा कशाला लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते.

"तूच. गावाकडे शेतात भाताच्या लावणीची ओळ तूच बघायचीस ना? ये."

त्या आल्या. चष्मा पुसला, फळीच्या मागे ओणवून एक डोळा मिटला. "वाकडा," त्या म्हणाल्या.

धम्मदीपने आणखी पीळ दिला. शुभदाने इस्त्री फिरवली.

"वाकडाच."

"आई, मला तर सरळ दिसतोय," पंचशीला म्हणाली.

"तुला तुझा नवराही सरळ दिसतो. वाकडा आहे."

अशी दोन-तीनदा घासाघीस झाली. शेवटी कमळाबाई म्हणाल्या, "हां. आता," आणि धम्मदीप म्हणाला, "आता कुणी हलायचं नाही. गार होईस्तोवर धरायचं."

शुभदाने इस्त्री बाजूला ठेवली. पंचशीला चहा टाकायला गेली, तिच्यामागे कमळाबाई आणि शुभदा. हॉलमध्ये दोघे भाऊ राहिले, एका पंखाची दोन टोकं धरून. सोडून जायची सोय नव्हती आणि सिलिंडरचा विषय मागच्या रविवारीच संपला होता.

धम्मदीपला वाटलं, पंख गार होईल आणि आपण परत गप्प होऊ. त्याला ते नको होतं.

"दादा," तो म्हणाला, "तू तेव्हा व्हिसाचं काही केलं नाहीस, ते मुद्दाम ना?"

सुभाषने पंखावरची नजर उचलली नाही. "हो."

"मी लायक नाही असं वाटलं तुला?"

"वेडा आहेस का तू? आम्ही एका खोलीत दहा जण झोपायचो. पासपोर्ट शेठच्या कपाटात. मी पाच वर्षं घरी फोनवर 'मजेत आहे' म्हणत होतो. तिथे तुला नेऊन काय करू? आईचा एक तरी मुलगा तिच्याजवळ पाहिजे होता."

"मग सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आईला कळलं असतं. मग तिने मला परत जाऊ दिलं नसतं. आणि मी गेलो नसतो तर ताईचं लग्न कसं झालं असतं?" त्याने बुडावरची पकड सारखी केली. "दुकानाच्या काचेत हे विमान लावलं होतं. पुरं झालेलं, तारेला टांगलेलं. मी रोज बसमधून बघायचो. वाटायचं, हे धम्माने बघायला पाहिजे. तुला राग येईल हे मला सुचलंच नाही रे."

युद्ध पेटलं त्या दिवसांत दादा वाळवंटातल्या तंबूत होता आणि घरात रेडिओला कान लावून सगळे बसले होते. तेव्हा धम्मदीपलाही भीती वाटली होती. पण त्या भीतीपेक्षा राग मोठा ठेवून तो बसला होता.

या घरात आभार मानायची पद्धत नाही. फार तर जेवताना भाताची आणखी एक मूद पडते आणि समोरच्याने ते समजून घ्यायचं असतं. पण धम्मदीपचे दोन्ही हात अडकलेले होते, वाढायला भातही नव्हता. म्हणून त्याला बोलावंच लागलं.

"दादा, मी त्या खाटेवर पडून असायचो ना, तेव्हा मला खरंच उठावंसं वाटायचं नाही. कधीच. म्हणजे, पुढचं सगळंच नको झालं होतं. हे खोकं पडलं नसतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. हे तू आणलंस. फार बरं केलंस."

सुभाषने मान हलवली. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर ओघळलेलं पाणी पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

"गार झाला का रे?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"झाला."

तरी दोघांनी थोडा वेळ धरूनच ठेवला.

रात्री जेवताना धम्मदीपने सुभाषच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. स्वयंपाकघराच्या दारातून शुभदाने ते पाहिलं आणि तीही येऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसली.

रविवारी सकाळी सगळे मिठागरांकडे गेले. विमान टेम्पोत, माणसं रिक्षांत. मिठागरांच्या पलीकडे खाजणाची जमीन मे महिन्यात सुकून फरशीसारखी होते. धर्माजी नावाचे आगरी गृहस्थ मिठावर देखरेख करायचे. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, पंखाला बोटाने टिचकी मारली आणि परवानगी दिली.

"उरवा, उरवा. पन माजे मिठाव परला त न्हाय चालाचा."

नौशीरभाई डोक्यावर पांढरी टोपी घालून आधीच हजर होते. दोन्ही पंख धडाला लागले. जमिनीवर उभं राहिलेलं ते लाल विमान पाहून पंचशीलासुद्धा गप्प झाली. दिवाणावर ते अडगळीसारखं दिसायचं. इथे, उघड्या आभाळाखाली, ते आत्ता झेपावेल असं वाटत होतं.

"नारियल-बारियल फोडायचा हाय काय, माजी?" नौशीरभाईंनी विचारलं.

"आमच्यात नाही फोडत," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडून, डोळे मिटून हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. नौशीरभाईंनी टोपी सारखी केली आणि तेवढा वेळ स्तब्ध उभे राहिले.

इंजिन पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा पकडलं. विमान धावलं, धुरळा उठला, आणि कुणाला कळायच्या आत चाकांखाली जमीन नव्हती. पंचशीला किंचाळली. विमान खाडीकडे गेलं, वळलं, मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून घोंघावत परत आलं. "लेफ्टला जरा ओढते," नौशीरभाई पुटपुटले, हातातल्या रिमोट कंट्रोलची कळ बोटाने किंचित सरकवली आणि विमान सरळ झालं. "डिकरा, ही विंग कुणी इस्त्री केली?"

"माझ्या बायकोने," धम्मदीप म्हणाला. "आईने लाइन बघितली. दादाने धरली."

"आनी तू काय केला?"

"मी नुसता पिळला."

नौशीरभाईंनी कंट्रोल त्याच्या हातात दिला आणि वरून आपले हात ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतले. धम्मदीप एकट्याने उडवत होता. सगळ्यांची तोंडं आभाळाकडे होती. सुभाष मात्र विमानाकडे बघतच नव्हता. तो धाकट्याच्या तोंडाकडे बघत होता आणि उघड उघड रडत होता.

शुभदा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी तुमच्याशी कधी नीट बोलले नाही. तुमच्यामुळे माझा माणूस मला परत मिळाला. मला आज हे म्हणायचंय."

सुभाषने रुमाल काढला. "वेडी आहेस," एवढंच तो म्हणाला, पण ते त्याने पंचशीलाला म्हणावं तसं म्हटलं.

विमान खाली यायला लागलं. नौशीरभाईंनी कंट्रोल परत घेतला होता. विमान जसजसं जमिनीजवळ यायला लागलं तसतशी शुभदाची आठ दिवसांची ती भीती वर यायला लागली. चाकं टेकली, विमान एकदा उडी मारून नीट बसलं, इंजिन थांबलं. सगळे टाळ्या वाजवत धावले. धर्माजीसुद्धा धावले. ती मात्र जागची हलली नाही. झालं, तिला वाटलं. विमान झालं, उडलं, उतरलं. आता उद्या.

धम्मदीप गर्दीतून बाहेर पडून तिच्याकडे आला. घामाने निथळत होता, तोंडावर मिठाची पांढरी धूळ.

"शुभदा, तुला काल सांगायचं राहिलं. दारात आलो, तर तुम्ही सगळे एकदम ओरडायला लागलात."

"काय?"

"काशिमिऱ्याला एक वर्कशॉप आहे. ओतकामासाठी लाकडाचे साचे बनवतात. मालक नौशीरभाईंच्या ओळखीचे. नौशीरभाईंनी माझ्या हातच्या दोन जादा बरगड्या मालकांना नेऊन दाखवल्या होत्या. काल दादरहून येताना मी तिथे भेटून आलो. उद्या, सोमवारपासून ये म्हणालेत."

शुभदाने घाम पुसायला त्याच्यापुढे पदर केला.

"सकाळी लवकर निघावं लागेल," तो म्हणाला. "डबा देशील ना?"

दोन वर्षांत तिने कुणाचा डबा भरला नव्हता. भांड्यांच्या मागे कुठेतरी तो असेल, त्याची कडी गंजली असेल, आज घरी गेल्या गेल्या घासायला काढायला हवा.

"चपात्या किती देऊ?" तिने विचारलं, आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, ती ओक्साबोक्शी रडायला लागली.